पथदर्शी प्रकल्पांची चाळीस वर्षं

नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा विषय निघाला की एक जाणता माणूस हमखास उभा राहतो आणि म्हणतो, ‘कल्पना उत्तम आहे, पण आपल्याकडे अजून तिची वेळ आलेली नाही.’ हा माणूस दुष्ट नसतो. बहुतेकदा त्याने सार्वजनिक आरोग्यात हयात घालवलेली असते, मेळघाट पाहिलेला असतो, सरकारी फाइल कुठे अडते हे त्याला तोंडपाठ असतं. त्याचे मुद्दे ठरलेले आहेत. हे आजार दुर्मीळ आहेत. आधी कुपोषण आणि न्यूमोनिया आवरा. आपली यंत्रणा हे पेलणार नाही. आणि या विषयावर आपल्याकडे आणखी संशोधन व्हायला हवं. या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत होतं, कारण संशोधनाला विरोध कोण करणार? मग चहा येतो आणि आणखी एका पथदर्शी प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळते.

मला या माणसाशी वाद घालायचा आहे, आणि तो मी मुद्दाम एका आजारापुरता बांधून घेतो. ‘नवजात तपासणी’ असं मोघम बोललं की दोन्ही बाजूंना पळवाटा सापडतात. आजार आहे जन्मजात थायरॉइड कमतरता. बाळाची थायरॉइड ग्रंथी एक तर तयारच झालेली नसते, किंवा भलत्या जागी अडकलेली असते, किंवा जागेवर असूनही तिला संप्रेरक बनवता येत नाही. पोटात असताना आईच्या रक्तातलं थायरॉक्सिन बाळाला सांभाळून घेतं, त्यामुळे जन्मताना ते चांगलं गुटगुटीत असतं. पुढच्या काही आठवड्यांत मात्र मेंदूची वाढ मागे पडू लागते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेक मुलं इतर मुलांच्या बरोबरीने शिकतात. तीन महिने हातचे गेले की नंतर कितीही औषध दिलं तरी झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. गोळीचं नाव लेव्होथायरॉक्सिन. ती देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तालुक्याच्या औषध दुकानात मिळते, चुरून चमचाभर आईच्या दुधातून देता येते.

दुर्मीळ आजार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गेल्या काही वर्षांतलं ते सोळा कोटींचं इंजेक्शन उभं राहतं. मोबाइलवर फिरणारं मदतीचं आवाहन, बाळाचा फोटो, खाली बँकेच्या खात्याचा क्रमांक. त्या आजाराची गोष्ट वेगळी, त्याचं अर्थकारण वेगळं. इथे महिन्याच्या औषधाचा खर्च घरातल्या मोबाइलच्या रिचार्जहून कमी भरतो. दोन्ही आजार एकाच पिशवीत घालून ‘हे आपल्याला परवडणार नाही’ असं म्हणणं ही वादातली चलाखी आहे, आणि ती फार वेळा केली जाते.

तरीही दुर्मीळपणाचा मुद्दा सरळ घेऊ. पाश्चात्त्य देशांत सरसकट तपासणी नव्हती तेव्हा हा आजार सात ते दहा हजार बाळांत एकाला होतो असं मानलं जाई. क्वेबेकमध्ये झाँ द्यूसो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबातून थायरॉक्सिन मोजायची रीत बसवली, तपासणी सुरू झाली, आणि आकडा तीन ते चार हजारांत एक असा निघाला. आज तो अनेक ठिकाणी दोन हजारांत एकाच्या आसपास आहे. यातली अलीकडची काही वाढ कसोट्या अधिक काटेकोर झाल्याने आणि सौम्य रुग्णही मोजले जाऊ लागल्याने झाली, हे मान्य. पण सुरुवातीची दुपटी-तिपटी कशामुळे झाली? ती मुलं आधीही जन्मत होती. कुणी पाहत नव्हतं म्हणून ती ‘मंदबुद्धी’ या शिक्क्याखाली, कारणाच्या रकान्यात काहीही न लिहिता, खपून गेली होती.

भारताचा आकडा परदेशातून उसना आणायची गरज नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद या पाच शहरांत एक लाखावर नवजात बाळांची तपासणी केली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रमाण निघालं सुमारे ११३० बाळांत एक. दक्षिणेत ते याहूनही जास्त होतं. देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर बाळं जन्मतात. या प्रमाणाने दरवर्षी सुमारे वीस हजार मुलं झाली. महाराष्ट्रात वर्षाला अठरा लाखांच्या आसपास जन्म धरले तर दीड हजारावर. पाच मोठ्या शहरांचा आकडा सगळ्या देशाला लावणं ढोबळ आहे, आणि यातल्या काही मुलांची कमतरता तात्पुरती असते. निम्मा आकडा सोडून द्या. उरतील ती दहा हजार मुलं. डाऊन सिंड्रोम साधारण याच प्रमाणात आढळतो, आणि तो दुर्मीळ आहे असं कुणी म्हणत नाही, कारण तो चेहऱ्यावर दिसतो. त्याला गोळी नाही. ज्याला आहे, तो दिसत नाही.

‘आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या नजरेतून असं बाळ सुटायचं नाही,’ असाही एक स्वाभिमानी युक्तिवाद आहे. नजरेचा अपमान करायचा नाही, पण जन्मताना लक्षणांवरून ओळखू येणारी बाळं शंभरात पाच भरली तरी पुष्कळ. बाकीच्यांत जे दिसतं ते फारच घरगुती असतं. कावीळ जरा लांबते. शी दोन-तीन दिवसांनी होते. आवाज घोगरा, बेंबी थोडी पुढे आलेली, अंग गारसर. आणि बाळ फार झोपतं. रडत नाही, रात्री उठवत नाही, दुधासाठी हट्ट करत नाही. आपल्या घरांत अशा बाळाचं कौतुक होतं. बाळंतिणीला भेटायला आलेल्या आत्या-मावश्या म्हणतात, किती गुणी बाळ आहे, आईला जरा त्रास नाही! त्या कौतुकाच्या काळातच उपचाराची मुदत संपत असते. जीभ बाहेर येऊ लागली, मान धरायला उशीर झाला, की मग आई दवाखान्यात येते, आणि कुठलाही चांगला डॉक्टर तेव्हा क्षणात निदान करतो. तपासणीचा सगळा खटाटोप या क्षणाच्या आधी पोचण्यासाठी आहे.

आयोडीनयुक्त मिठाचा दाखलाही दिला जातो: मीठ सुधारलं, आता ही कटकट कशाला? इथे इतिहास थोडा गमतीचा आहे. १९८०च्या दशकात एम्सच्या कोच्चुपिल्लई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या गोंडा, देवरियासारख्या गलगंडाच्या जिल्ह्यांत बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं आणि तिथल्या नवजातांत थायरॉइडची कमतरता किती पसरली आहे हे दाखवून दिलं. सगळ्या देशाला आयोडीनयुक्त मीठ द्यावं या धोरणाला त्या पुराव्याचा मोठा आधार मिळाला. म्हणजे मिठाच्या यशामागेच नवजात बाळांची तपासणी उभी आहे, आणि ती दिल्लीच्या वातानुकूलित प्रसूतिगृहात नव्हे, पूर्व उत्तर प्रदेशच्या खेड्यांतल्या बाळंतपणांतून झाली. मिठाने आयोडीनच्या अभावाने येणारी कमतरता घटली. पण ज्याची ग्रंथीच बनली नाही, त्याच्या आईने कितीही आयोडीन खाल्लं तरी त्याची ग्रंथी उगवत नाही.

आता सगळ्यात भावनिक मुद्दा. मुलं मरत असताना बुद्धीच्या गोष्टी कसल्या करता? महाराष्ट्राचा बालमृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हजारी १६ होता, देशाचा २८. हे आकडे खाली यावेतच. पण हा युक्तिवाद गृहीत धरतो की आरोग्यखात्याकडे एका वेळी एकच काम करायची ताकद आहे. तसं असतं तर पोलिओचे थेंबही आपण अतिसार संपेपर्यंत थांबवले असते. शिवाय मृत्यू आणि हे आजार यांच्यात भिंत आहे हे कुणी ठरवलं? आयसीएमआरच्या त्याच अभ्यासात आणखी एक आजार पाहिला होता, अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार, डॉक्टरी बोलीत सीएएच. प्रमाण सुमारे ५७६२ बाळांत एक. याच्या तीव्र प्रकारात दुसऱ्या आठवड्यात शरीरातलं मीठ उतरतं, उलट्या होतात, बाळ कोसळतं. मुलींच्या जननेंद्रियांच्या ठेवणीत फरक असल्याने निदान शंका तरी येते. मुलगे बाहेरून ठीक दिसतात, आणि मरतात तेव्हा कागदावर ‘जंतुसंसर्ग’ किंवा ‘जुलाब-उलट्या’ अशी नोंद होते. निदान झालेल्या रुग्णांत मुलगे कमी भरतात याचं एक कारण हेच मानलं जातं. म्हणजे ज्या बालमृत्यूंचं कारण सांगून ही तपासणी पुढे ढकलली जाते, त्या मृत्यूंच्या रकान्यातच तिचे काही रुग्ण दुसऱ्या नावाने दाखल आहेत.

गरिबाच्या मुलाचा जीव वाचवणं ही सरकारची जबाबदारी आणि त्याची बुद्धी वाचवणं ही चैन, अशी एक विभागणी या सगळ्याच्या तळाशी आहे. ती कुणी मोठ्याने बोलत नाही. खासगी रुग्णालयात टाचेतून रक्त घेऊन तपासलेली बाळं पुण्या-मुंबईत रोज घरी जातात. त्यांच्यासाठी ‘वेळ’ कधीच आलेली आहे.

राहिला यंत्रणेचा मुद्दा, आणि हा एकच मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. तपासणी म्हणजे रक्ताचा थेंब नव्हे. थेंब हा त्यातला सोपा भाग. जन्मताच बाळाच्या रक्तात थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक, टीएसएच, आपोआप उसळतं. म्हणून नमुना ४८ तासांनंतर घ्यायचा असतो, आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतीण कित्येकदा त्याआधीच घरी जाते. नमुना प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, निकाल परत आला पाहिजे, संशयित बाळाची आई सापडली पाहिजे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असते. दिलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो आणि नवरा तोवर ऊसतोडीला गेलेला असतो. बाळ सापडलं तर पुन्हा शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची, गोळी सुरू करायची, दर काही आठवड्यांनी मात्रा तपासायची. यातला एक दुवा तुटला की आधीचे सगळे फुकट. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तपासणीचं काम केलं, त्यांचा १९८७ सालचा शोधनिबंध विकसनशील देशातल्या अडचणी आणि त्यांवरचे मार्ग याच विषयावर आहे. वर्षाकडे लक्ष द्या. अडचणींची यादी आपल्याकडे तेव्हापासून तयार आहे.

मार्गही आहेत. नाळेतलं रक्त वापरलं तर ४८ तास थांबायला नको. बाळाला सुई टोचावी लागत नाही, आणि बाळंतीण पळून जायचा प्रश्न उरत नाही. तोटे आहेत: अवघड बाळंतपणात टीएसएच वाढतं, त्यामुळे खोटी शंका येणारी बाळं जास्त निघतात, आणि सीएएच या रक्तात कळत नाही. दुसरा मार्ग आपल्या दारातून रोज जातो. आशाताईने बाळाला भेटायचे दिवस घरगुती नवजात सेवेच्या सरकारी कार्यक्रमात ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. तिसरा दिवस हा टाचेच्या थेंबासाठी जणू मुद्दाम निवडल्यासारखा आहे. सोबत एएनएम असली आणि कागद सुकवून टपालाने गेला तर शीतसाखळीसुद्धा लागत नाही. रॉबर्ट गथ्री यांनी अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गाळणकागदावरचा थेंब रूढ केला तो याच सोयीसाठी.

‘खेड्यातल्या बाया हे करू शकणार नाहीत’ हे वाक्य महाराष्ट्राने तरी उच्चारू नये. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांच्या हाती नवजात बाळांची काळजी, जंतुसंसर्गाची ओळख आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा दिलं, तेव्हा हेच वाक्य अधिक अधिकारवाणीने बोललं गेलं होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताईंच्या भेटींचं आजचं वेळापत्रक त्याच प्रयोगातून निघालं आहे. ज्या राज्यातून ही पद्धत देशभर गेली, त्या राज्याच्या अधिकाऱ्यांनी टाचेच्या एका टोचणीला घाबरावं हे जरा अवघडच आहे. आशाताईंवर आधीच किती कामं लादली आहेत आणि त्यांना काय मिळतं, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर त्यांना पुरेसा मोबदला देणं हे आहे.

यंत्रणा तयार नसतानाही हे जमतं का, याचं उदाहरण हवं असेल तर युरोपकडे पाहू नका, फिलिपाइन्सकडे पाहा. सात हजारांवर बेटांचा, वादळांचा, श्रीमंतीत मुळीच न मोडणारा देश. तिथे १९९६ मध्ये मनिला परिसरातल्या दोन डझन रुग्णालयांत पथदर्शी काम सुरू झालं आणि २००४ मध्ये नवजात तपासणीचा कायदा झाला. मधे आठ वर्षं. आपल्याकडे कर्नाटकात १९८०च्या दशकात लाखावर बाळांचं रक्त तपासलं गेलं. वाडियाचं काम त्याच काळातलं. चंडीगडने २००७ मध्ये सुरुवात केली. गोव्याने २००८ मध्ये खासगी प्रयोगशाळेला सोबत घेऊन सरकारी पातळीवर कार्यक्रम आणला. केरळने सरकारी प्रसूतिगृहांत तपासणी नेली. मग आयसीएमआरचा एवढा मोठा अभ्यास झाला. प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालाची शेवटची ओळ एकाच हाताने लिहिल्यासारखी असते: राष्ट्रीय पातळीवर विचार व्हावा.

राष्ट्रीय पातळीवर झालेला विचार असा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाला. तीस आजारांची यादी केली. फाटलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, जन्मजात मोतीबिंदू आहे, सगळे महत्त्वाचे. यादीच्या अगदी शेवटी जन्मजात थायरॉइड कमतरता, सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र कोंबले आणि पुढे शब्द जोडला: ऐच्छिक. जे डोळ्यांना दिसतं ते बंधनकारक आणि ज्याच्यासाठी रक्त तपासावं लागतं ते इच्छेवर. कुणाच्या इच्छेवर? बाळाच्या आईला तर हा पर्याय आहे हेही कुणी सांगत नाही.

सिकलसेलचं नाव आलं आहे तर इथे थोडं थांबायला हवं. ‘त्याची तपासणी तर जोरात चालू आहे,’ असं लगेच सांगितलं जाईल. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठरलं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारमध्ये शिबिरं होतात, कार्डं वाटली जातात. पण शिबिरांत ज्या स्वस्त विद्राव्यता चाचणीवर भिस्त असते ती नवजात बाळात उपयोगाची नाही, कारण जन्मताना रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनच भरलेलं असतं आणि सिकलचं त्यात बुडून जातं. त्यासाठी एचपीएलसीसारखं यंत्र लागतं. आणि नेमकी पहिली पाच वर्षं या मुलांना सर्वांत धोक्याची. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लहानपणापासून रोज दोनदा दिलेल्या पेनिसिलिनने गंभीर न्यूमोकॉकस संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण उरलेल्या मुलांना औषधापासून वंचित ठेवणं अनैतिक ठरलं असतं. तिथल्या सिकलसेलच्या नवजात तपासणीचा पाया हाच.

यावर आपल्याकडचं नेहमीचं उत्तर असं: भारतातला सिकलसेल सौम्य असतो. काही प्रदेशांत, काही कुटुंबांत तो आहेही. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेबरोबर सिकलवाहक मातांची बाळं जन्मापासून तपासली आणि पुढे वर्षानुवर्षं पाहिली, तेव्हा अनेक मुलांचा आजार पुरेसा तीव्र निघाला. आणि ‘सौम्य’ ही समजूत बनली कशी तेही पाहायला हवं. मोठेपणी शिबिरात सापडलेले रुग्ण पाहिले तर आजार सौम्य वाटणारच. तीव्र असलेले तोवर जगलेलेच नसतात. जन्मापासून मोजायला सुरुवात केल्याशिवाय ही चूक सापडत नाही. भारतीय मुलांत पेनिसिलिनचा फायदा नेमका किती, हा प्रश्न मात्र अजून उघडा आहे, आणि त्यावर काम व्हावं. इथे संशोधनाची मागणी योग्यच आहे.

तपासणीच्या बाजूने एवढं म्हटल्यावर ती विकणारे लोक खूश होतील, म्हणून त्यांच्याकडेही वळतो. ‘एका थेंबात शंभर आजार’ अशी पत्रकं प्रसूतिगृहांच्या स्वागतकक्षात दिसतात. बाळंतपणाच्या बिलात आणखी काही हजारांची भर पडते, आणि भांबावलेला बाप सही करतो. या शंभरांतल्या किती आजारांवर आपल्या देशात उपचार आहे, खात्रीची चाचणी कुठे होते, विशेष दूध कुठून येतं आणि त्याचा महिन्याचा खर्च किती, यावर पत्रक मौन पाळतं. फेनिलकीटोन्यूरिया या आजारापासून जगातल्या नवजात तपासणीची सुरुवात झाली. आपल्याकडे तो बराच कमी आढळतो आणि त्याचं पथ्य महागडं आहे. त्यामुळे गथ्रींचा कागद घ्यावा, यादी घेऊ नये.

यादी वाढवण्याचा उत्साह कुठे नेतो ते जपानने दाखवून दिलं आहे. तिथे १९८४ पासून सहा महिन्यांच्या सगळ्या बाळांच्या लघवीची न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी तपासणी होई. रुग्ण भराभर सापडले, शस्त्रक्रिया झाल्या, बरे झाल्याचे आकडे सुरेख दिसले. २००२ मध्ये क्वेबेक आणि जर्मनीतले मोठे अभ्यास आले: अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. आपोआप विरून गेले असते असे पुष्कळ गोळे शोधून काढून मुलांना विनाकारण शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी दिली गेली होती. जपानने कार्यक्रम थांबवला. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणीच्या दहा कसोट्या लिहिल्या, त्या अशाच वेळी आठवाव्यात: आजार महत्त्वाचा हवा, लक्षणांआधीचा टप्पा हवा, मान्य उपचार हवा, आणि तो उपचार लोकांपर्यंत पोचणारा हवा. जन्मजात थायरॉइड कमतरता या कसोट्यांवर इतकी नेटकी उतरते की पाठ्यपुस्तकात नमुना म्हणून तिचंच नाव येतं. पत्रकातले बहुतेक आजार भारतात उतरत नाहीत.

आता तर सगळा जनुकसंच वाचायची तयारी चालू आहे. इंग्लंडमध्ये एक लाख नवजातांचा अभ्यास सुरू आहे, न्यूयॉर्कमध्येही तसाच. त्यातून काय निघतं ते उत्सुकतेने पाहावं. पण ‘थोडं थांबा, एकदम जनुकीय तपासणीच आणू’ असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहायला हवं, कारण थांबण्याचं हे सर्वांत आधुनिक कारण आहे. ज्या तालुक्यात टीएसएचचा निकाल आईपर्यंत पोचत नाही, तिथे तीन अब्ज अक्षरांचा अहवाल कुणाच्या हाती पडणार? आणि थेंबाचा कागद ठेवायचा किती दिवस, तो कुणाला देता येईल, हे पहिल्या दिवशीच लेखी ठरवावं. टेक्सासने पालकांना न विचारता कागद साठवले, पालक न्यायालयात गेले, आणि २००९च्या तडजोडीनंतर पन्नास लाखांवर नमुने नष्ट करावे लागले.

शेवटचा आक्षेप जरा गुंतागुंतीचा, आणि तो घेणारे बालरोगतज्ज्ञच असतात. सापडलेल्या काही बाळांची कमतरता तात्पुरती असते. तुम्ही त्यांना आयुष्यभराचं रुग्ण करून टाकाल. मुलीच्या बाबतीत तर सोयरीक जमवताना हा शिक्का आडवा येईल. शिक्क्याची भीती खरी आहे. पण यावरचा उपाय रोजच्या वैद्यकात ठरलेला आहे. बाळाच्या मेंदूला संप्रेरकाची सर्वाधिक निकड पहिल्या तीन वर्षांत असते. तोवर गोळी अखंड द्यायची. तीन वर्षांनंतर, ग्रंथीच नाही असं सोनोग्राफीत किंवा स्कॅनमध्ये आधी दिसलेलं नसेल तर, गोळी चार-सहा आठवडे थांबवून रक्त पुन्हा तपासायचं. टीएसएच वाढलं नाही तर औषध कायमचं बंद. आपल्याकडे अशी मुलं किती निघतात, नाळेच्या रक्तावरची कोणती सीमारेषा आपल्या बाळंतपणांना चालेल, तिसऱ्या दिवशीचा थेंब गडचिरोलीहून प्रयोगशाळेत किती दिवसांत पोचतो, माहेरी गेलेली आई कोणत्या फोनवर सापडते, हे चांगले संशोधनविषय आहेत आणि त्यांवर पैसे खर्च व्हावेत. फिलिपाइन्समध्ये असे प्रश्न कायदा झाल्यावर, तपासणी चालू असताना, सोडवले गेले. आपल्याकडेही त्यांची उत्तरं एखाद्या शहरातल्या दोन वर्षांच्या प्रकल्पात मिळणार नाहीत. त्यासाठी एका जिल्ह्यातलं प्रत्येक बाळ तपासलेलं लागेल, आणि तीन वर्षांनी त्याच बाळाला परत बोलावणारा कुणीतरी तोवर त्याच जागेवर लागेल.